उताऱ्याच्या पेटीतले अक्रोड

१

"कालच केस कुरळे करून घेतले, आणि आज ही बाई डोक्यावर मुखवट्याची रबरी बादली चढवणार," बिसेर्का माझ्या कानाशी पुटपुटली. "विषारी वायू काय माझे केस बघून परत जाणार आहे?"

"हळू. बाईंना ऐकू जातं."

"जाऊ दे. तीस वर्षं ऐकतायत. बदललंय काही?"

बिसेर्का आमच्या विषकेंद्राची औषधपाल. कुरकुर तिच्या तोंडात आणि शिस्त तिच्या हातात. मी स्मिल्या. इथे फरशी पुसायला आले, मग फोन घ्यायला बसले. दुसऱ्यांच्या पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता ती वाचत गेले, आणि आता मध्यरात्री एखादी आई "बाळानं उंदराचं औषध खाल्लं" म्हणून रडली तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते घडाघडा सांगते. आज विषावरच्या उताऱ्याच्या हिरव्या पेटीच्या किल्ल्याही माझ्याच कमरेला असतात. पण त्या शुक्रवारी सकाळी तसं नव्हतं.

त्या दिवशी मोठा सराव होता. दुपारी एकला राजधानी बेलग्रेडहून निरीक्षक येणार होते. त्यांना दोनच गोष्टी बघायच्या होत्या: सराव नीट होतो का, आणि पेटी भरलेली आहे का. दोन्हीतलं एक जरी चुकलं, तरी पेटी बेलग्रेडला जाणार. बेलग्रेड आमच्यापासून दोन तासांवर. आणि कीटकनाशकांचा कारखाना नदीच्या पलीकडे, पुलावरून सात मिनिटांवर. दोन तासांत काय होतं हे प्राध्यापक वुकोसावा तेर्झिन यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

बाई तळघरात आल्या. सदुसष्ट वर्षांच्या, ताठ, पांढऱ्या कोटाच्या खिशात खडूचा तुकडा. विषांचा अभ्यास सगळेच प्राध्यापक करतात. बाईंनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा अभ्यास केला: एकाच वेळी शंभर माणसं विष भिनून दारात आली, तर? त्यासाठी त्यांनी अग्निशमनवाल्यांना शिकवलं, शाळामास्तरांना शिकवलं, भल्या पहाटे जागा असतो म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यालाही शिकवलं. गावात त्यांना बघून लोक रस्ता ओलांडायचे, न जाणो हातात मुखवटा द्यायच्या.

"उघडा," बाई म्हणाल्या.

तरुण डॉक्टर लाझारने तारेचं शिशाचं सील तोडलं. झाकण उचललं. आणि तसाच वाकलेला राहिला.

"बाई..."

पेटीत उताऱ्याच्या चारशे कुप्या असायला हव्या होत्या.

पेटीत अक्रोड होते.

२

वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेले, नीट थर लावलेले अक्रोड. पेटी ढकलली तर वजनात फरक कळू नये इतके.

बाईंनी एक अक्रोड उचलला, दुसऱ्यावर दाबून फोडला, वास घेतला, खाल्ला. "गेल्या शरदातला. खवट नाही." मग आमच्याकडे वळून चक्क हसल्या. "छान. यंदाचा बिघाड छान आहे. कुणाचा?"

इथे आमच्या केंद्राची एक रीत सांगायला हवी. बाई म्हणतात, ठरल्याप्रमाणे होते ती वरात, आपत्ती नव्हे. म्हणून प्रत्येक सरावात आमच्यापैकी एकजण गुपचूप एक गोष्ट बिघडवून ठेवतो. एका वर्षी भोंग्याची वायर निघाली, एका वर्षी रुग्णवाहिकेच्या टाकीत थेंब नव्हता. हा बिघाड्या कोण, ते नाताळच्या पावात ठरतं. आमचा नाताळ सात जानेवारीला. आठ तारखेला बाई घरून गोल पाव भाजून आणतात. आत एक नाणं आणि एक काटकी. पाव हाताने तोडायचा, भाजणाऱ्याने खायचा नाही. नाणं येईल त्याचं नशीब. काटकी येईल त्याने ती गालात लपवायची आणि बिघाड करायचा. नियम दोनच. बिघडवलेली वस्तू पाच मिनिटांत हाती यायला हवी, आणि सराव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. विचारलं तर बेधडक खोटं बोलायचं.

"मी नाही," बिसेर्का म्हणाली.

"मी नाही," लाझार म्हणाला.

"मी तर नाहीच," मी म्हणाले.

बाई खूश. "सगळे सराईत चोर झालात! चला, एकच्या आत शोधू."

पण लाझारने तोडलेलं सील त्यांच्या हातात होतं. त्यांनी चष्मा खाली सरकवून आकडा वाचला, मग नोंदवही मागितली. हसू तिथल्या तिथे विरलं.

"स्मिल्या, नोंदीत सील दोनशे सतरा आहे. तीस डिसेंबरची मोजणी. हे दोनशे अठरा आहे."

जानेवारीपासून दर महिन्याला 'सील ठीक' असं मीच लिहीत होते. सील आहे एवढं बघायचे. आकडा वाचत नव्हते. आकडा वाचायचं काम कधी माझं नव्हतंच.

"हा कालचा बिघाड नाही," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी अक्रोडाचा कागद उलगडला. आमचंच साप्ताहिक. तारीख बारा जानेवारी; आणि आमच्याकडे अंक दोन-तीन दिवसांत शेगडीत जातो.

लाझार मोठ्याने बोलला, "म्हणजे सहा महिने..."

"हो. सहा महिने नदीपलीकडे कारखाना चालू होता आणि आपल्याकडे अक्रोड होते." बाईंनी कोटाची बटणं लावली. "हे खरं आहे."

सरावात कुणी खरोखर पडला, कुणाची छाती खरोखर दुखली, तर ओरडायचे हे शब्द. ते कानी पडले की नाटक बंद. त्यानंतर खोटं बोलायची परवानगी कुणालाच नाही.

३

बाईंची चौकशी विषबाधेच्या रुग्णासारखीच. काय, किती, केव्हा, कुठल्या वाटेने. प्रत्येकाला वेगळं बोलावलं. मी लिहून घ्यायला कोपऱ्यात.

पहिला लाझार.

"बेलग्रेडहून तुला नोकरीचं पत्र आलंय. पेटी जिथे जाणार, त्याच खात्यातून. मला कळत नाही असं वाटलं?"

"कळणारच. स्मिल्याताई फोन उचलते ना."

मी मान खाली घातली.

"मी नाही म्हणून कळवलंय, बाई. बायकोला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा आज घरी मलाच उतारा लागणार आहे."

"काल संध्याकाळी तू सामानाच्या खोलीतून कोटाखाली काहीतरी लपवून नेलंस. ते काय?"

लाझारची मान एकदम झुकली. माझी पेन्सिल थांबली. तो म्हणाला, "चष्मा. कुणाचा तरी. त्यांच्या लेकीने मागितला होता. त्यांचं कपाट उघडलं मी. कुप्या तिथे नाहीत, एवढं शपथेवर सांगतो."

कुणाचं कपाट, हे बाईंनी विचारलं नाही. मीही लिहिलं नाही.

"जानेवारीत कुठे होतास?"

"नऊला परीक्षेसाठी बेलग्रेडला गेलो. सतराला परत आलो." मग खालच्या आवाजात, "रात्रीच्या गाडीने. आठवतंय ना तुम्हाला?"

"जा," बाई म्हणाल्या.

बिसेर्का आली ती हातात कॉफीचं भांडं घेऊनच. "आरोपीनेच कॉफी करायची, असंच आहे इथे."

"तू वर्षभर ओरडतेस, या कुप्यांची मुदत संपत आली, फेकून द्या म्हणून."

"बदलून द्या म्हणते! फेकून काय द्या? आणि जानेवारीत माझा हात, विसरलात?"

नव्हतो विसरलो. नऊ जानेवारीला ती बर्फावरून घसरली, आणि उजवा हात फेब्रुवारीपर्यंत प्लास्टरमध्ये. शिशाचं सील पकडीने दाबायला दोन्ही हात लागतात, तेही जोर असलेले.

"मग दर महिन्याच्या सोळा तारखेला तू तासभर कुठे गायब होतेस? हजेरीपटावर दिसतं."

बिसेर्काने भांडं टेबलावर ठेवलं. जरा आपटूनच. "मेणबत्ती लावायला."

"कुठे?"

"जिथे लावतात तिथे, बाई."

खिडकीवर एक माशी आपटत होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं, आमच्याकडे नाही.

"स्मिल्या, आता तू."

४

मी वही स्वतःच्याच मांडीवर ठेवून स्वतःचा जबाब लिहू लागले, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. तुझ्या तुकड्यात नाणं आलं होतं. सगळ्यांना नाचवून दाखवलंस. एकाच तुकड्यात नाणं आणि काटकी मी कधी घालत नाही."

"पण सहा वेळा 'ठीक' मी लिहिलं, बाई."

"लिहिलंस. त्याचं बघू. पिशवी का घट्ट धरलीयस?"

मी पिशवी उघडली नाही. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आत काळ्या चौकटीचा कागद होता, घडी घातलेला. आमच्याकडे माणूस गेला की असा कागद त्याच्या घराच्या दारावर, कामाच्या दारावर, रस्त्यातल्या झाडांवर लावतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा. तो माझ्याकडे तीन दिवस होता. लावायचा कुठे? जानेवारीतला कागद आमच्या दारावर जेमतेम एक सकाळ टिकला होता. दुपारी दार कोरं होतं. कुणी काढला ते आम्ही कुणी विचारलं नाही.

पावणेबारा वाजले. बाहेर अंगणात सरावाचे जखमी जमले होते, म्हणजे नर्सिंगच्या मुली, तोंडाला पीठ फासून गवतावर पाय पसरून सूर्यफुलाच्या बिया खात बसलेल्या.

बाईंनी फळ्यावर खडूने नावं लिहिली. स्मिल्या. लाझार. बिसेर्का. मग एकेक खोडलं. माझं नाण्यामुळे. लाझार बारा तारखेला गावातच नव्हता. बिसेर्काला हात नव्हता.

फळा रिकामा झाला.

"म्हणजे बाहेरचा माणूस," बाई म्हणाल्या.

"बाहेरचा माणूस अक्रोड कशाला भरेल?" बिसेर्का म्हणाली. "दार फोडेल, कुप्या विकेल, मोकळा होईल. थर लावून, वजन जुळवून, आकड्याचं सील कोण लावत बसतो?"

"आणि सील लावायची पकड..." लाझार सुरू झाला आणि थांबला.

ती पकड कुणाच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लटकायची ते आम्हा चौघांनाही माहीत होतं. अक्रोड कुणाच्या परसातले तेही. दर शरदात एक पोतं यायचं, नाताळात आम्ही ते खायचो. सराव मुळात वीस जानेवारीला ठरला होता. बाईंनी तो पुढे ढकलला. मग पुन्हा ढकलला. का, ते कुणी विचारलं नव्हतं. चोराने बिघाड अगदी वेळेवर केला होता. उशीर आम्हीच केला होता.

पावाचे तुकडे चार होते. फळ्यावर नावं तीन.

बाई फळ्याकडे बघत होत्या. तीन खोडलेल्या नावांखाली हातभर मोकळी जागा होती. खडू तिथपर्यंत गेला, टेकला, एक पांढरा ठिपका उमटला. पुढे सरकला नाही.

"कुप्या कुठे आहेत तेवढं शोधू," त्या म्हणाल्या. "कुणी केलं ते सोडा."

५

त्या बोलत होत्या आणि चालत होत्या. आम्ही मागे.

"ज्याने हे केलं, त्याला उतारा कसा सांभाळायचा ते ठाऊक आहे. बॉयलरच्या खोलीत ठेवणार नाही, तिथे उकडतं. फ्रीजमध्ये नाही, तिथे बिसेर्काची नजर. कपाटात नाहीत, लाझारने पाहिलंय. पाच मिनिटांच्या नियमाबाहेर तो जाणार नाही. तो नियम कधीच मोडत नाही." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाई 'तो' म्हणाल्या होत्या. "आणि त्याला मला हरवायचंय. म्हणजे जागा अशी, की तिथे मी कधीच हात घालणार नाही."

त्या तळघरातल्या फडताळासमोर थांबल्या. वर हिरव्या चिठ्ठ्यांचं खोकं, त्याखाली पिवळ्या, त्याखाली लाल. सरावातल्या जखमींच्या मनगटाला बांधायच्या चिठ्ठ्या: हिरवा चालू शकतो, पिवळा थांबू शकतो, लाल आत्ता. तिन्ही खोकी हाताळून मऊ पडलेली. सगळ्यात खाली चौथं खोकं, मोठं, वीस वर्षांची धूळ खात पडलेलं. काळ्या चिठ्ठ्यांचं.

काळी चिठ्ठी म्हणजे हा गेला, पुढच्याकडे जा.

"माझ्या सरावात कुणी मरत नाही," हे बाईंचं वाक्य गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. त्यामागची गोष्ट थोड्यांना ठाऊक. अडतीस वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात कीटकनाशकांचं गोदाम जळालं. अकरा माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून इथे आणली गेली. वुकोसावा तेर्झिन तेव्हा नवखी डॉक्टर, आणि कपाटात उतारा होता तिघांपुरता. त्या दिवशी त्यांनी काय निवडलं ते त्या कधी बोलल्या नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी हिरव्या पेटीसाठी पहिला अर्ज केला. आणि तो ट्रॅक्टर चालवत आणणारा पोरगा, कारखान्यातली नोकरी सोडून, पेटी सांभाळायला इथे आला. तोच आमचा भांडारपाल.

वर्षानुवर्षं दोघांचं याच खोक्यावरून भांडण. तो म्हणायचा, "तुमचा सराव खोटा आहे, बाई. माझ्या ट्रॉलीत इथे पोचायच्या आधीच दोघं गेले होते. तुम्ही त्यांना मोजतच नाही." बाई म्हणायच्या, "कॉफी थंड होतेय." रोज सकाळी आठला, त्याच दोन खुर्च्या. गावाला जे दिसत होतं ते बोलायला गावालाही लाज वाटायची, मग ती दोघं कशाला बोलतील?

बाई गुडघ्यावर बसल्या. मी हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला.

खोक्यावरच्या धुळीत चार बोटांचे ठसे होते. त्यांवर पुन्हा धूळ बसली होती, सहा महिन्यांची, पातळशी.

त्यांनी झाकण उघडलं.

६

कुप्या होत्या. कापसात गुंडाळलेल्या, दहा-दहाच्या ओळींत, अंधारात, गारव्यात. बिसेर्काने मोजल्या, लाझारने मोजल्या. चारशे. एकही तडकलेली नाही.

सगळ्यात वर एक काळी चिठ्ठी. पांढऱ्या खडूने, ओळखीच्या वाकड्या अक्षरात लिहिलेली:

'हरलात, बाई. सराव संपला की कॉफी तुमच्याकडून. आणि यातली एक तरी वापरा.'

बाईंनी ती वाचली. उलटी करून मागची बाजू बघितली. मागे काही नव्हतं. मग चिठ्ठी कोटाच्या खिशात ठेवली, आणि हात तिथेच राहू दिला.

"भरा पेटी," त्या म्हणाल्या. "अक्रोड टाकू नका."

बिसेर्का नाक पुसत म्हणाली, "टाकतंय कोण! मेला, जाता जाता सुद्धा माझी मोजदाद चुकवून गेला," आणि जीभ चावली.

एकच्या ठोक्याला निरीक्षक आले. बारीक, घामाघूम, विनयशील माणूस. पेटी बघितली, कुप्या मोजल्या, मुदत तपासली. "उत्तम, प्राध्यापकबाई. तुमच्याबद्दल ऐकलं होतं तसंच." त्यांनी नोंदवही चाळली, मग हजेरीपट.

"एवढी एकच सही राहिली. पेटीच्या जबाबदार माणसाची." त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "भांडारपाल ओब्राद मालेशेव... रजेवर. फेब्रुवारी, रजेवर. मार्च, रजेवर. हे सहा महिने रजेवरच दिसतात?"

त्या पटावर दर महिन्याला 'रजेवर' हा शब्द बाईंच्याच अक्षरात होता.

"आजारी आहेत का?" निरीक्षकांनी विचारलं. "परत कधी येणार तेवढं सांगा. तशी नोंद करतो. कागद पुरा होईल, पेटी इथेच राहील."

इतकं सोपं होतं. लाझारने माझ्याकडे बघितलं, मी बिसेर्काकडे. पुढच्या महिन्यात, एवढं म्हटलं की झालं. आमच्यापैकी कुणीही म्हटलं असतं. लाझारने तोंड उघडलंही.

बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. मग खिशातून काळी चिठ्ठी काढली आणि हजेरीपटावर, त्या ओळीवर ठेवली. बाहेर गवतावर पीठ फासलेल्या मुली कशाला तरी खिदळत होत्या.

"सहीला माणूस मी देते. स्मिल्या सही करेल, आजपासून आकडाही तीच वाचेल," त्या म्हणाल्या. आवाज सरावात असतो तसाच होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "पण आधी लिहून घ्या. ही पेटी सहा महिने रिकामी होती. ती मी बघितली नाही, कारण ती बघायला गेले असते तर मला हे म्हणावं लागलं असतं."

निरीक्षकांनी पेन उचललं. "काय म्हणावं लागलं असतं?"

"ओब्राद वारला. सोळा जानेवारीला, सकाळी, कॉफीच्या आधी." त्यांनी चिठ्ठीवर बोट टेकलं. "हे खरं आहे."